लारोका नावाचा खेळाडू

लीबेरला पकडून नेलं तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कळून घ्यायचंही नव्हतं. दर रविवारी ताटावरून अर्धवट उठून तो बापाबरोबर एस्त्रेयाच्या मैदानावर पळायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचा. एस्त्रेया आमच्या वस्तीचा क्लब, दुसऱ्या श्रेणीतला. खाटीकखान्याची भिंत आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत त्यांचं मैदान. वारा खाडीकडून सुटला की अर्धे गोल वाराच करायचा, आणि तेही आमच्यावर.

लीबेर छापखान्यात कामाला होता, युनियनचा चिटणीस. सत्त्याहत्तर साली लष्करी कोर्टानं त्याला आठ वर्षं ठोकली. तुरुंग मोन्तेविदेओपासून बसनं तासाभरावर. पंधरा दिवसांतून एक भेट, अर्ध्या तासाची. मध्ये जाड काच, दोन्हीकडे टेलिफोन, आणि आत कुठेतरी तिसरा टेलिफोन, त्यावर कोणीतरी कान देऊन बसलेलं. काय बोलायचं नाही याची यादी आम्हाला कोणी दिली नव्हती. फोन खट्ट करून बंद पडला की समजायचं, हे बोलायचं नव्हतं. एकदा मी म्हटलं, "पाव महागला." खट्ट. एकदा म्हटलं, "शेजारची एल्बा भावाकडे राहायला गेली." खट्ट. दोनदा झालं तर पुढची भेट रद्द. मग मी इतकी धास्तावले की अर्धा तास नुसतं "बरी आहे, तू बरा आहेस ना" एवढंच चालायचं. 

माझे सासरे ट्रामवर कंडक्टर होते. साऱ्या वस्तीसारखी मीही त्यांना 'विएहो' म्हणायची, म्हातारबा. एक दिवस मातेचा, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "अगं, चेंडूचं बोल की त्याच्याशी. चेंडूला कोण अडवतंय?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मग शीक. शर्टाची कॉलर शिवायला आईच्या पोटातून शिकून आली होतीस का?"

तसे पुढच्या रविवारी आम्ही दोघं मैदानावर गेलो. विएहो कानाशी लागून सांगत राहिले. हा बॅक, हा हाफ, तो तिथे उभा राहिला म्हणजे ऑफसाइड. भेटीला कागद नेता यायचा नाही, म्हणून सगळं पाठ करायचं. बसमध्ये बाकीच्या बायका माळेचे मणी ओढत पुटपुटायच्या, मी अकरा नावं पुटपुटायची. आणि लीबेर काचेपलीकडे डोळे मिटून ऐकायचा. मध्येच विचारायचा, "कॉर्नर कोणी घेतला?" मला माहीत असायचं.

पुढे पुढे मलाच वेड लागलं. दुसऱ्या वर्षी मी कुंपणाला लटकून पंचाच्या सात पिढ्या उद्धरत होते आणि विएहो माझा कोट ओढून म्हणत होते, "पोरी, जरा माणसांत ये." खरं सांगायचं तर त्या दीड तासात पोटातली आवळलेली मूठ सुटायची. एरवी ती कधीच सुटत नव्हती. रस्त्यात गाडी हळू झाली तरी मी थांबायची, जिन्यावर पाऊल वाजलं तरी श्वास धरायची. मैदानावर मात्र मला एकच धास्ती असायची, ती आमच्या गोलकीपरची.

ऐंशीच्या जूनमध्ये लीबेर काचेसमोर आला तो भिंत धरत. महिनाभर शिक्षेच्या कोठडीत होता. पुढचे दोन दात गेलेले, डोळे विझलेले. फोन उचलून कानाला लावायलाही त्याला वेळ लागला.

"एस्त्रेया?" त्यानं विचारलं.

एस्त्रेया तीन-शून्य हरला होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "दोन-दोन. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी."

"कोणी मारला?"

आता कोणाचं नाव सांगू? आमचे सगळे त्याला पुरते ठाऊक, त्यांच्यातलं कोणी मारलं म्हटलं तर विश्वास कसा बसावा? सकाळी बसच्या खिडकीतून एक पाटी दिसली होती, तीच ओठांवर आली.

"लारोका. नवा आलाय."

"कोण लारोका?"

"उत्तरेकडचा आहे. गवंडीकाम करतो. तिशी उलटलीय, टक्कल पडलंय. पण डावा पाय असा आहे, लीबेर, की काय सांगू!"

तो हसला. दात नसलेलं तोंड झाकत हसला. "टकल्या? आणि डावखुरा?"

मग लारोका थांबेना. पंधरा दिवसांनी लीबेरचा पहिला प्रश्न तोच, "टकल्या काय म्हणतो?" मी त्याच्याकडून गोल करवले, एकदा गुडघा दुखावून घरी बसवलं, एकदा पंचाशी भांडायला लावलं. खऱ्या सामन्यात खोटा माणूस बसवायचा म्हणजे मला खरा सामना दुप्पट लक्ष देऊन बघावा लागायचा. लीबेरच्या गालांवर मांस आलं. मी मनात म्हटलं, यात कोणाचं काय जातंय?

ऑक्टोबरात एका सकाळी, मी शर्ट शिवायला जायची त्या कारखान्याच्या फाटकावर दोन माणसं उभी होती. साधे कपडे, चकचकीत बूट. "सेन्योरा दिनोरा? जरा आमच्याबरोबर चला." एकानं माझी डब्याची पिशवी हातातून काढून घेतली, एखाद्या भाच्यानं मावशीची घ्यावी तशी. फाटकातून आत शिरणाऱ्या बायका खाली मान घालून पुढे गेल्या. त्यांना बोल कसा लावू? त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

खोलीत उजेड भरपूर होता. खिडकीबाहेर संत्र्याचं झाड. टेबलाशी एक कॅप्टन, कोपऱ्यात टाइपरायटरवर एक शिपाई. कॅप्टननं खुर्ची दाखवली. "बसा, सेन्योरा. पाणी हवं?" मी नको म्हटलं.

त्यानं फाइल उघडली आणि चष्मा लावून वाचायला लागला. "'उजवीकडे सगळे झोपलेले. पण डावीकडून लारोका निघाला, तो भिंतीला वळसा घालून थेट आत.' हे तुमचे शब्द?"

माझे होते. शब्दन् शब्द.

"कुठली भिंत?"

"फ्री किकची, साहेब. खेळाडू उभे राहतात ती."

"'लारोका आता बरा झालाय, पुढच्या रविवारी उतरणार.' कुठे उतरणार?"

"मैदानात."

"'डाव्यांना चेंडूच मिळत नाही, मिळाला तर बघा.'" त्यानं चष्मा काढला. "काय बघायचं, सेन्योरा?"

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते मला आज आठवत नाही. त्यानं वर्तमानपत्राचं कात्रण पुढे सरकवलं. "आठ जून. तुम्ही सांगितलं दोन-दोन, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. इथे लिहिलंय शून्य-तीन. मग हे दोन, दोन, अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय? घराचा नंबर?"

माझ्या डोळ्यांपुढे शहरातले सगळे दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी नंबरचे दरवाजे उभे राहिले.

"लीगच्या नोंदणीत लारोका नाही," तो पुढे म्हणाला, आवाज अजिबात न चढवता. "दुसऱ्या श्रेणीत नाही, तिसऱ्या श्रेणीतही नाही. पण एक लारोका आम्हाला मिळाला." त्यानं घंटी दाबली.

दोन शिपायांनी एकाला आत आणलं. डोक्यावरून खांद्यापर्यंत टोपडं, चेहरा पूर्ण झाकलेला, बुटांना नाड्या नाहीत. पोट सुटलेला, वयस्क माणूस. उजवा हात छातीशी धरलेला, बोटं सुजून वांग्यासारखी झालेली.

"धंदा काय, ते सांग बाईंना."

"कुलपं," टोपड्याखालून आवाज आला. "कुलपं आणि चाव्या, साहेब."

तेव्हा ती पाटी मला पुरती आठवली. 'लारोका, कुलपं-चाव्या.' तुरुंगाच्या रस्त्यावर शेवटच्या गावात, पेट्रोल पंपाच्या शेजारी. मी फक्त नाव उचललं होतं.  

"मी खोटं बोलले, साहेब."

"हो. कोणाशी?"

"नवऱ्याशी. असा खेळाडूच नाही. त्याचे दात गेले होते, म्हणून मी... टीम हरली होती, तर मी बरोबरी केली. नाव पाटीवरून घेतलं. या माणसाला मी कधी बघितलेलं नाही. देवाशपथ, बघितलेलं नाही."

कॅप्टननं फाइल मिटली. "चार महिने खेळवलात त्याला? मनानं?"

"हो."

"मग आत्ता खेळवा. इथे. एक सामना सांगा, लारोकासकट. रचता येतं म्हणता ना? रचा."

 दोन हातांवर तो टोपडंवाला उभा, त्याच्या श्वासाबरोबर कापड आत-बाहेर होत होतं. मी डोळे मिटून घेतले. सुरुवात केली तेव्हा आवाज चिरकत होता. वारा खाडीकडून आहे म्हणाले. एस्त्रेया एक गोलनं मागे. आमच्या पाच नंबरनं चेंडू अडवला, उजवीकडे दिला, तिथे गर्दी, परत मागे. मग उंच, लांब, डाव्या बाजूला. लारोकानं छातीवर घेतला. टक्कल घामानं चमकतंय. समोरच्या बॅकला वाटलं हा आत वळणार, हा बाहेरून गेला...

कोपऱ्यातला टाइपरायटर थांबला होता. तो शिपाई हात तसेच अधांतरी धरून ऐकत होता.

"ऑफसाइड नव्हता?" कॅप्टननं विचारलं.

"नव्हता, साहेब. त्यांचा दोन नंबर मागे राहिला होता, बुटाची नाडी बांधत."

कॅप्टन हसला. आधी नाकातून, मग टेबलावर हात आपटून मोठ्यानं. शेजारच्या खोलीतून आणखी एकाला बोलावून म्हणाला, "ऐक, ऐक, या बाईनं खेळाडू घडवलाय!" दोघं हसले. मीही हसले. भीतीनं माणूस हसतो, हे मला त्या दिवशी कळलं. टोपडंवाला तेवढा हसला नाही.

"जा घरी," कॅप्टन शेवटी म्हणाला. "पण पुढच्या भेटीला नवऱ्याला सगळं सांगायचं. लारोका नाही, कधीच नव्हता. सगळे खरे आकडे. आम्ही ऐकत असू."

"आणि यांना सोडणार ना, साहेब?"

"तुम्ही फुटबॉलपुरतं बोला, सेन्योरा."

भेटीच्या दिवशी विएहोंनी मला बसपर्यंत सोडलं. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "झटकन सांगून टाक. दात उपटतात तसं." मग दातांचा उल्लेख झाला म्हणून स्वतःच ओशाळले.

काचेपलीकडे लीबेर उत्साहात बसला. "टकल्या?"

मी सांगितलं. आठ जूनपासून एकेक सामना, एकेक आकडा. शून्य-तीन. एक-दोन. शून्य-एक. शून्य-चार. लारोका नाही. कोणी टकल्या नाही. पाटीवरचं नाव होतं, म्हणाले. फोनमध्ये कोणीतरी श्वास घेत होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "अख्ख्या मजल्याला सांगितलंय मी त्याच्याबद्दल. नळांवर ठोकून, खुणा करून. पलीकडच्या कोठडीत एक आजारी आहे, तो फक्त रविवारचा हिशेब धरून जगतोय. त्याला काय सांगू?"

"लीबेर, तू तेव्हा असा दिसत होतास..."

"बाहेरचं एकच खरं माझ्याकडे होतं, फ्लाका." हा शब्द तो लाडानं वापरायचा, हडकुळी म्हणून. त्या दिवशी त्यात लाड नव्हता. त्यानं फोन ठेवला, उठला आणि पाठ फिरवून गेला. माझी बारा मिनिटं शिल्लक होती. मी तशीच बसून राहिले, पहारेकऱ्यानं उठवेपर्यंत.

चाव्यांच्या दुकानाची फळी जाता-येता दोन्ही वेळा बंद दिसली. पुढच्या भेटीला लीबेर आलाच नाही. 'कैद्यानं नकार दिला,' असं खिडकीवरच्या माणसानं सांगितलं. खरं की खोटं, कोणाला विचारणार? पण परतीच्या वाटेवर दुकान उघडं दिसलं. मी बसमधून उतरले. उतरताना पाय मागे ओढत होते. कोणी बघत असलं तर? बघत असणारच.

आत तो माणूस डाव्या हातानं कानस चालवत होता. उजव्या हाताची दोन बोटं फळकुटाला बांधलेली. मी म्हटलं, "नमस्कार. मी..."

कानस थांबली. त्यानं माझा चेहरा कधी बघितला नव्हता, पण आवाज ओळखला. तोंडावरचं रक्त उतरलं त्याच्या. माझ्या खांद्यावरून तो आधी रस्त्याकडे बघत राहिला.

"अकरा दिवस," तो म्हणाला.

"मी पाटी वाचली होती. फक्त नाव चांगलं वाटलं म्हणून..."

"मला फुटबॉल आवडत नाही, सेन्योरा," तो म्हणाला. "कधीच आवडला नाही. आता जा. माझ्या दारात उभ्या राहू नका." आणि फळी खाली ओढली. मी पुढची बस येईपर्यंत पंपापाशी उभी होते. रडावंसं वाटत होतं, पण रडणारी बाई लोकांच्या लक्षात राहते, म्हणून रडले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लष्करानं देशाला विचारलं, आमची घटना मान्य आहे का? देशानं नाही म्हटलं. चिठ्ठी पेटीत टाकण्याआधी मागे कोण उभं आहे ते मी दोनदा वळून बघितलं. निकाल ऐकून विएहोंनी रेडिओ बंद केला आणि आम्ही दोघं अंधारल्या स्वयंपाकघरात कुजबुजत हसलो. रस्त्यावर कोणी आलं नाही. नाही तर म्हटलं, पण पुढे काय? सैनिक होते तिथेच होते. डिसेंबरात लीबेर काचेसमोर आला, तुटक दोन शब्द बोलला. त्याला मी त्या नकाराबद्दल काहीही सांगितलं नाही. माझ्या जिभेला कुलूप बसलं होतं.

जानेवारीत आमच्याकडे जगज्जेत्या देशांची स्पर्धा झाली. ती लष्करानंच हौसेनं भरवलेली, नकाराआधीपासून ठरलेली. अंतिम सामना आपला आणि ब्राझीलचा. विएहोंनी थडग्यासाठी साठवलेल्या पैशांतून दोन तिकिटं काढली. "मेल्यावर कुठेही झोपेन," म्हणाले. सेन्तेनारिओ स्टेडियममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. वर खास जागेत गणवेश बसले होते. पायऱ्यांवर हेल्मेट घातलेले शिपाई, आमच्याकडे तोंड करून उभे. मी सामना बघत होते आणि त्यांचे हात बघत होते.

एक-एक झालं. शेवटची दहा मिनिटं उरली असताना आमच्यातल्या एकानं डोक्यानं चेंडू आत घातला. दोन-एक! शिट्टी वाजली, सगळं स्टेडियम उठलं, आणि मग कुठूनतरी, पलीकडच्या बाजूनं, ते सुरू झालं. आधी मला शब्द कळले नाहीत. मग कळले. संपणार म्हणत होते. संपणार, हे लष्करी राज्य संपणार. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, जसं गवत पेटत जावं तसं ते आमच्याकडे येत होतं. माझ्या मनात एकच आलं, पळ. शेजारचा अनोळखी जाडा माणूस गायला लागला. विएहो गायला लागले, ट्रामवरचा तो थांबे पुकारणारा आवाज लावून. समोरचा शिपाई आमच्या चेहऱ्यांवरून एकेक नजर फिरवत होता, जणू पाठ करत होता. त्याची नजर माझ्यावर आली. माझं तोंड उघडं होतं. आवाज फुटत नव्हता, पण ओठ हलत होते, आणि त्यानं ते बघितलं.

घरी आल्यावर मी सहा दिवस जिन्यावरचं प्रत्येक पाऊल मोजलं. कोणी आलं नाही.

भेटीला लीबेर काचेसमोर बसला, फोन उचलला. बऱ्याच महिन्यांनी त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तू गेली होतीस, असं ऐकलं."

"गेले होते."

"सांग. झालं तसं सांग. वर एक शब्द नको."

मी सांगितलं. पहिला गोल, मग त्यांची पेनल्टी, मग डोक्यानं मारलेला. कोण कुठे उभं होतं, चेंडू कुठून आला. तो डोळे मिटून ऐकत होता, पूर्वीसारखा. शेवटच्या शिट्टीपाशी मी थांबले. इथे थांबता आलं असतं. फोनमध्ये तो तिसरा श्वास होताच.

"आणि मग लोक गायले," मी म्हणाले.

लीबेरनं डोळे उघडले. काय गायले, हे त्यानं विचारलं नाही. "किती जण?"

"सगळे."

"सगळे म्हणजे? बघून सांग."

"जिथवर दिसत होतं तिथवर सगळे. विएहो सुद्धा."

"आणि तू?"

"मला फार भीती वाटत होती, लीबेर. माझा आवाज निघाला नाही. पण ओठ..."

खट्ट.

फोन मेला तरी आम्ही दोघांनी तो कानाला तसाच धरून ठेवला. सात मिनिटं. मग पहारेकरी आला.

त्याबद्दल तीन भेटी रद्द झाल्या. मला पुन्हा कोणी उचलून नेलं नाही, पण मी रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाकडे जाताना आधी बूट बघायची, मग माणसं. लीबेर पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये सुटला. विएहो आदल्या हिवाळ्यात गेले होते, त्यांना ते दिसलं नाही.

आता रविवारी आम्ही दोघं जातो. एस्त्रेया तिसऱ्या श्रेणीत आहे, आणि तिथेही हरतो. कधी कमरेच्या दुखण्यानं लीबेर घरी राहतो आणि मी एकटीच जाते. संध्याकाळी येऊन निकाल सांगितला की तो मान डोलवतो, माते ओततो. आणि सोमवारी सकाळी, मला झोप लागलीय असं समजून, हळूच वर्तमानपत्र उघडून बघतो.